जावईबापू गेले सिमेंट्रीत

तुम्हाला म्हणून सांगते, बाहेर बोलू नका. गेल्या वर्षी आमच्या ताईचा जावई दिवाळसणाला आला होता. गोरा आहे, लीड्सचा. त्याबद्दल आता कुणाचं काही म्हणणं नाही. जे म्हणायचं ते साखरपुड्याला म्हणून झालं. ताईने महिनाभर आधीपासून कंबर कसलेली. भाजणी घरची, उटणं घरचं, जावयाच्या मापाचा रेशमी कुर्ता लक्ष्मी रोडवरून खास शिवून घेतलेला. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झालं, कारेटं फोडलं, पाटावर बसवून ओवाळलं, फराळ झाला. आणि ताटाभोवतीची रांगोळी पुसली जायच्या आत जावईबापू उठून म्हणाले, आता मी जरा स्मशानात जाऊन येतो.

भाचीने मराठीत सांगताना ‘दफनभूमी’ असा सोज्वळ शब्द वापरला, पण ताई काही कच्ची नाही. मटकन सोफ्यावर बसली. अंगाला अजून उटण्याचा वास, कपाळावर ओला टिळा, आणि हा निघाला थडगी बघायला! बरं, हातात पिशवी. तिच्यात मऊ दातांचा ब्रश, पाण्याचा फवारा, गवत कापायची कात्री, एक छोटा आरसा आणि गुडघ्याखाली घ्यायची उशी. एवढ्या तयारीने आमच्याकडे कुणी काशीलाही जात नाही. रिक्षावाल्याला पत्ता समजेना. भाचीने तीन तऱ्हांनी सांगून पाहिलं, शेवटी तोच म्हणाला, “सिमेंट्री म्हणा ना मॅडम, गोऱ्यांची सिमेंट्री.”

तो गेल्यावर ताईने पहिला फोन गुरुजींना लावला. १८६४ साली वारलेल्या माणसाच्या थडग्याला हात लावला तर सूतक किती दिवसांचं? गुरुजी बराच वेळ गप्प. मग म्हणाले, जावयाच्या पूर्वजाचं सूतक सासूला लागत नसतं, आणि हे तर दीडशे वर्षांपूर्वीच फिटलंय. आंघोळ घालून घरात घ्या म्हणजे झालं. म्हणून दुपारी जावईबापू पँटभर कुसळं घेऊन परतले, तेव्हा दाराबाहेर आमच्या माहेरचं तांब्याचं घंगाळ भरून तयार, शेजारी तांब्या आणि भाऊबीजेसाठी राखून ठेवलेला नवा टॉवेल. त्या बिचाऱ्याला वाटलं, हीही दिवाळीचीच रीत. पहाटे एक अभ्यंगस्नान, दुपारी दुसरं. त्याने घंगाळाला वाकून नमस्कार केला.

मला वाटलं होतं, हा एकटाच असा. छे! सगळ्या गोऱ्या मुलखाला हे वेड लागलंय. अमेरिकेत जिम टिप्टन नावाच्या गृहस्थाला नामांकित माणसांच्या कबरी बघत हिंडायचा छंद होता. १९९५ साली त्याने त्यांची यादी इंटरनेटवर टाकली, तिचं नाव ‘फाइंड अ ग्रेव्ह’. आज तिथे वीस कोटींहून जास्त मेलेल्यांची पानं आहेत. २०१३ मध्ये वंशावळींचा धंदा करणाऱ्या अॅन्सेस्ट्री कंपनीने ती यादी विकत घेतली. म्हणजे मेलेल्यांचाही सातबारा झाला आणि तो विकलाही गेला, आणि आपण अजून आजोबांच्या विहिरीच्या हिश्शावरून तहसीलदाराकडे खेटे घालतोय.

तर कुणीतरी दूरदेशी बसून विनंती टाकायची, माझ्या पणजीचा दगड तुमच्या गावात आहे, फोटो काढाल का? आणि त्या गावातला कुणी अनोळखी माणूस सुट्टीच्या सकाळी उठून जाऊन काढतोही. सख्खे भाचे फोन उचलत नाहीत आणि परक्याच्या पणजीसाठी ही धावपळ! कुणाच्या खात्यावर किती हजार फोटो याचे आकडे असतात, त्यात चुरस असते. त्या चुरशीपायी काही महाभाग पेपरातली निधनवार्ता वाचून, घरच्यांचे डोळे पुसून व्हायच्या आत, त्या माणसाचं पान तयार करून मोकळे होत. त्यावरून बरीच बोंबाबोंब झाली. पानावर फुलंही वाहता येतात. चित्रातली. त्यांना ना निर्माल्य, ना खर्च.

आणि दगडांचे लाड काय सांगू! अक्षरं झिजून वाचता येईनाशी झाली की हे लोक दगडाला दाढीचा फेस चोपडायचे आणि पट्टीने निपटून काढायचे. फेस खाचांत राहतो, नाव पांढरं उमटतं. आता पणजोबांची मरणोत्तर दाढी करण्यात कसली आलीय भक्ती? पण आक्षेप माझा नाही, दगडांची निगा राखणाऱ्या जाणत्यांचाच आहे. फेसातली रसायनं दगडाच्या छिद्रांत जाऊन बसतात आणि दगड हळूहळू खातात. कागद लावून मेणखडूने घासून ठसा काढायचीही एक हौस होती, तीही बोस्टनच्या जुन्या दफनभूमींत बंद केलीय. मग राहिला आरसा. आरशाने उन्हाची तिरीप दगडावर आडवी पाडायची. खोदलेल्या अक्षरांत सावली भरते आणि काल जिथे नुसतं शेवाळ होतं तिथे आज नाव दिसतं. ही युक्ती मात्र चांगली आहे. ती पुढे आमच्याच गळ्यात पडली, ते सांगतेच.

आता या लीड्सच्या पोराचं पुण्यात काय पुरलंय, हा तुमचा प्रश्न मलाही पडला होता. तर त्याच्या आजीच्या आजीच्या आईचा बाप. ती पुण्याला जन्मली, बाप पलटणीतला शिपाईगडी, एवढंच घरच्या बायबलात लिहून ठेवलेलं. बापाचं नाव नाही, आईचं आहे. आणि कुणीतरी काढलेल्या एका फोटोत याला पुण्यातल्या थडग्यावर तेच आईचं नाव दिसलं: अमुक सार्जंट, वय बत्तीस, पटकीने गेला, दगड बसवला शोकाकुल विधवेने. झालं. याने दिवाळसणाची तिकिटं काढली. भाचीला वाटत होतं, नवरा तिच्या माहेरच्या ओढीने येतोय!

तशी या बाबतीत इंग्रजांची आपल्याकडे कमी सोय नाही. मरायचेच ते माशांसारखे. मुंबईत गोऱ्या माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, असं तेव्हा म्हणत. कुलाब्याच्या बाजूला त्यांची पहिली दफनभूमी होती, मेंढम्स पॉइंट. तिथे आधी जो पुरला गेला त्याचंच आडनाव जागेला चिकटलं. पुढे शिवडी झाली. व्हीटी स्टेशन बांधणारा स्टीव्हन्स १९०० साली वारला, तो शिवडीलाच आहे. त्याच्या इमारतीतून रोज लाखो माणसं धावतात, त्याच्याकडे फिरकत कुणी नाही. १९७६ मध्ये थिऑन विल्किन्सन नावाच्या साहेबाने इकडच्या गोऱ्यांच्या थडग्यांवर ‘टू मॉन्सून्स’ हे पुस्तक काढलं आणि त्याच सुमारास या दफनभूमींची काळजी वाहणारी एक संस्थाच उभी केली. बॅक्सा म्हणतात तिला. तिच्या नियतकालिकाचं नाव ‘चौकीदार’! १९९८ पासून फिबिस म्हणून आणखी एक मंडळ आहे, ते हिंदुस्थानात राहिलेल्या इंग्रज घराण्यांच्या वंशावळी खणतं. म्हणजे राज्य गेलं, पण चौकीदार आणि कारकून दोन्ही शाबूत.

कारकुनावरून आठवलं. कंपनी सरकारची एक खोड होती. इथल्या चर्चमध्ये झालेला प्रत्येक बाप्तिस्मा, प्रत्येक लग्न, प्रत्येक दफन यांची नक्कल करून ती लंडनला धाडायची. ती बाडं आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत; बंगालची एन/१, मद्रासची एन/२, आणि आपल्या मुंबई इलाख्याची एन/३. नावनिशी, वय, हुद्दा, कशाने गेला, कधी गेला, कधी पुरला. बहुतेक वेळा मरण आणि दफन एकाच तारखेला, कारण आपला उन्हाळा. लग्नाच्या नोंदीत नवरीच्या नावापुढे कुमारिका की विधवा, हेही. इतकी इत्थंभूत चहाडी आमच्या मजल्यावरच्या काकूसुद्धा करत नाहीत, आणि त्यांच्या दाराला दुर्बीण बसवलेली आहे.

रात्री जेवताना जावई हे सगळं रंगवून सांगत होता, भाची भाषांतर करत होती, आणि ताई नाक मुरडत होती. पण मी बघत होते, वाढता वाढता तिचा हात थांबायचा. मग विषय निघाला बाप्तिस्म्याच्या वह्यांमधल्या रिकाम्या जागांचा. बापाचं नाव ठसठशीत, आणि आईच्या नावाच्या जागी काही नाही. किंवा नुसतं ‘नेटिव्ह स्त्री’. तिथे मात्र ताईने पळी खाली ठेवली.

“म्हणजे ठेवलेली?”

म्हणजे काय तर तेच. आणि साधीसुधी घराणी नव्हेत हं! सुरतेला थिओडोर फोर्ब्स म्हणून कंपनीचा एक व्यापारी होता. त्याच्या घरी एलायझा केवार्क नावाची बाई. कागदोपत्री घर सांभाळणारी, घरोघरी सगळ्यांना सगळं ठाऊक. आर्मेनियन होती म्हणून सांगत. मुलगी झाली, तिला कळत्या वयाच्या आधीच स्कॉटलंडला पाठवून दिलं, आई इकडेच राहिली. त्या मुलीच्या लेकीच्या लेकीच्या वाटेने खाली खाली येत गेलात की कुणापाशी पोचता? राजकुमारी डायनापाशी! २०१३ मध्ये डायनाच्या आईकडच्या नातलगांची लाळ तपासली आणि आईकडून लेकराकडे जाणारा तो धागा हिंदुस्थानातला निघाला. म्हणजे आज ना उद्या विलायतच्या गादीवर बसणाऱ्याची खापर-खापरपणजी सुरतेची. हे ऐकून ताई इतकी खूश झाली की तिने जावयाला न विचारता तिसरी पुरणपोळी वाढली.

कलकत्त्याच्या गोष्टी तर विचारूच नका. जॉब चार्नॉक, कलकत्ता वसवली म्हणतात तो, त्याची बायको हिंदू. तिला चितेवरून उतरवून आणली अशी दंतकथा. ती गेल्यावर हा दरवर्षी तिच्या थडग्यावर कोंबडा कापायचा, असं अलेक्झांडर हॅमिल्टन नावाच्या एका दर्यावर्दी कप्तानाने लिहून ठेवलंय. खरं-खोटं तो कप्तान जाणे. पण वर्षश्राद्धाला कोंबडा ही कल्पना आमच्या कोकणातल्या काही घरांना अगदीच परकी वाटणार नाही. चार्नॉकच्या थडग्याचा दगड ज्या जातीचा, तिला पुढे एका भूशास्त्रज्ञाने चार्नोकाइट असं नाव दिलं. आणि साउथ पार्क स्ट्रीटच्या दफनभूमीत चार्ल्स स्टुअर्ट म्हणून जनरल आहे, १८२८ साली गेलेला. रोज गंगेत डुबकी मारायचा, घरात देव होते, लोक त्याला ‘हिंदू स्टुअर्ट’च म्हणत. पुरला ख्रिस्ती जागेत, देवांच्या मूर्तींसकट, आणि वर थडगं बांधलं देवळाच्या घाटाचं. त्याच्या आयर्लंडमधल्या भाऊबंदांनी हे कसं पचवलं असेल? आमच्याकडे कुणी साधा वेगळ्या कुळाचाराचा टाक देव्हाऱ्यात ठेवला तर तीन वर्षं बोलणं बंद असतं.

आता ताईला राहवेना. आमचं माहेर रत्नागिरीचं. सुरत-कलकत्त्याच्या तोंडी आम्ही हार जाणार थोड्याच? “त्याला सांग,” ती भाचीला म्हणाली, “आमच्या गावात राजा पुरलाय. अख्खा.”

तर ब्रह्मदेशचा थिबा राजा. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याला मंडालेच्या राजवाड्यातून उचलला आणि १८८६ च्या एप्रिलात रत्नागिरीत आणून ठेवला. राज्य गेलं, देश गेला, आणि समोर काय तर अरबी समुद्र आणि आंबे. त्याला साजेसा वाडा बांधून व्हायला १९१० उजाडलं, आणि १९१६ च्या डिसेंबरात तो गेलाच. राणी सुपयालत देह ब्रह्मदेशात न्यायचा म्हणून हटून बसली, इंग्रज ऐकेनात. अखेर १९१९ मध्ये त्याला रत्नागिरीतच पुरलं आणि राणी परत गेली. हा झाला इतिहास. पण आमची आई सांगायची ती गोष्ट निराळी, आणि सांगताना आधी खिडकी लावून घ्यायची. थोरली राजकन्या! ब्रह्मदेशात असती तर तिच्या सावलीवर पाय पडला म्हणून लोकांनी माफी मागितली असती. ती इथे वाड्यावरच्या दरवानाच्या प्रेमात पडली. गोपाळ सावंत. लग्न झालेला माणूस. तिला मुलगी झाली, टुटू. राजवाड्यात काय हलकल्लोळ झाला असेल, कल्पना करा! ही टुटू पुढे रत्नागिरीतच वाढली, अस्सल आमच्यासारखी मराठी बोलली, मराठी माणसाशी गरिबीत संसार केला, २००० साली गेली. राजाची नात आपल्या बाजारात भाव करत होती आणि आपण ‘अहो जरा सरकता का’ म्हणत पुढे गेलो असू.

राजाच्या थडग्याकडे कित्येक वर्षं कुणी वळून पाहिलं नाही. शिवाजीनगरात इमारती उगवत गेल्या आणि मध्ये ते. मग एकदम वर्दळ! २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन स्वतः येऊन गेले. २०१६ मध्ये शंभरावी पुण्यतिथी झाली, तेव्हा वंशज आले, भिक्खू आले, लष्करातले बडे लोक आले. त्या दिवशी रत्नागिरीत लाल दिव्यांच्या गाड्या मोजताना लोकांची बोटं संपली म्हणे. शंभर वर्षं पाहुणा उपाशी ठेवला आणि मग एकदम पंगत.

जावयाने हे सगळं वहीत उतरवून घेतलं. त्याला रत्नागिरीला जायचं होतं, लगेच, पाडव्याला. भाचीने डोळे वटारले म्हणून बेत रहित झाला.

या सगळ्या हौशी लोकांत मला मनापासून आवडतात ते मात्र वेगळेच. अलिबागजवळ नवगावला बेने इस्राएलांची जुनी दफनजागा आहे. हे आपले कोकणातले ज्यू, शनवार तेली. फार पूर्वी गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बाया तेवढ्या किनाऱ्याला लागल्या, बुडालेल्यांना तिथेच मातीआड केलं, अशी त्यांची परंपरा सांगते. माझी एक मैत्रीण अलिबागची. ती सांगते, इस्रायलहून माणसं येतात, नातवंडं हिब्रूत भांडत असतात, आणि आजी उतरल्या उतरल्या नारळवाल्याला विचारते, “मलई आहे का रे, की नुसतंच पाणी?” यांना वंशावळ शोधायला कुठली बाडं नकोत. आडनावच पत्ता: नवगावकर, केहिमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, अशी गावावरून पडलेली शंभराहून जास्त आडनावं. जुन्या दगडांवर हिब्रूच्या जोडीला मराठी. थडग्यावर फूल नाही, छोटासा खडा ठेवायचा आणि निघायचं. गंमत म्हणजे याच लोकांना साठच्या दशकात तिकडच्या मुख्य धर्मगुरूंनी लग्नाआधी पिढ्यान्‌पिढ्यांचा पुरावा मागितला होता. केवढं रणकंदन झालं त्यावरून! १९६४ मध्ये तिथल्या संसदेने हे पुरते ज्यू आहेत असं ठणकावून सांगितलं तेव्हा कुठे निभावलं. तेव्हा वाडवडील विचारले म्हणून निदर्शनं झाली, आता विमानाचं तिकीट काढून स्वतःच विचारायला येतात.

(गोव्यातला प्रकार आणखी न्यारा. तिथे १९६१ च्या आधी पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्या आजोबांची नोंद सापडली की थेट पोर्तुगालच्या पासपोर्टची वाट मोकळी होते. त्यामुळे तिकडे आजोबांवरचं प्रेम जे उतू चाललंय ते बघवत नाही.)

तुम्ही म्हणाल, आपण बरे, आपल्याकडे जाळून मोकळे. तेच तर! आपण जाळतो आणि मग त्र्यंबकेश्वराच्या उपाध्यायांच्या चोपड्यांत खापरपणजोबांची सही शोधतो. गेल्यावर पहिला प्रश्न, आडनाव काय, मूळ गाव कुठलं. आणि मग आतून कापडात बांधलेलं बाड येतं, त्यात आपले बापजादे कधी आले, बरोबर कोण होतं, सगळं. कुणी बरोबर आणलं नाही, तेही. हरिद्वारच्या पंड्यांच्या अशाच वह्यांचे फोटो तर थेट अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळवाल्या मंडळींनी काढून नेलेत. आणि कुलवृत्तांत? भावोजींच्या घराण्याचा जाडजूड कुलवृत्तांत कपाटात आहे. त्यात मुलगे, त्यांचे मुलगे, त्यांच्या पदव्या, कुणी कुठल्या बँकेत मॅनेजर. आणि बाया? ‘पत्नी’ म्हणून एक नाव. काही ठिकाणी तेही नाही. इंग्रजांच्या त्या रिकाम्या जागांवरून आम्ही इतकं नाक मुरडलं, म्हणून मी ते पुस्तक काढून ताईसमोर ठेवलं. ती म्हणाली, जाऊ दे गं, छपाई महाग असते.

आता आरशाचं. भाऊबीजेच्या सकाळी पाहते तर जावईबापू बाल्कनीत उकिडवे बसलेले, समोर ते घंगाळ, हातात आरसा. घंगाळाच्या काठावर नाव घातलेलं. पूर्वी भांडीवाला छिन्नीने टकटक करत घालायचा तसं, पण पन्नास-साठ वर्षं चिंच आणि राखेने घासून पार गुळगुळीत झालेलं. आम्ही दोघी त्या घंगाळातल्या पाण्याने लहानाच्या मोठ्या झालो, काठावर काय आहे ते कधी वाचलं नव्हतं. याने तिरीप पाडली. भाचीने अक्षर अक्षर लावलं. आमच्या पणजोबांचं नाव. शके १८३४. आणि त्याखाली ‘सौ.’ आणि एक नाव.

ते आमच्या पणजीचं नव्हतं.

माहेरचं असेल, ताई म्हणाली. माहेरच्या नावामागे ‘सौ.’ कसं लागेल? मग भांडंच दुसऱ्याचं असेल, लग्नाकार्यात बदलून आलेलं. पण पणजोबांचं नाव? दहा मिनिटं ताईने सगळे मार्ग चाचपून पाहिले. तो गोरा शांतपणे बसला होता. हे नाकारणं त्याच्या रोजच्या बघण्यातलं असावं. शेवटी रत्नागिरीला आत्याला फोन लावला. आत्या एक्याण्णव वर्षांची, कान अजून तिखट.

“होती की,” आत्या म्हणाली. “पहिली. बाळंतपणात गेली, मूल पण गेलं. मग तिचीच चुलत बहीण आणली, ती तुमची पणजी. तिच्यासमोर तो विषय काढायचा नाही असं ठरलं होतं घरात. पण काय गं, इतकी वर्षं घंगाळ घासता, वाचलं नाहीत?”

त्या दिवशी दुपारनंतर ताईच्या घरातला माळा रिकामा झाला. पातेली, गडवे, परात, तपेली, पंचपात्र, सगळं हॉलमध्ये. मुंजीत अमक्याकडून, डोहाळजेवणाला तमक्याकडून, एका ताटावर तर चक्क जे लग्न मोडलं म्हणून आम्ही ऐकून होतो त्याची तारीख. सोसायटीतल्या चार जणी आपापल्या परातींसकट येऊन बसल्या. एकीच्या परातीवर दुसरीच्याच सासूचं नाव निघालं, त्याचा निकाल अजून लागलेला नाही. थडगी नसली म्हणून काय झालं? आपल्या घरची सिमेंट्री माळ्यावर असते.

जावई लीड्सला परतला. फेब्रुवारीत भाचीचा व्हिडिओ कॉल. चेहरा पडलेला, तिचा नव्हे, त्याचा. एन/३ च्या बाडात त्याला हवी ती पानं सापडली होती. सार्जंट वारला १८६४ च्या जूनमध्ये. त्याच्या शोकाकुल विधवेचं त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लग्न लागलं, त्याच पलटणीतल्या एका कॉर्पोरलशी. आणि याची ती पुण्यात जन्मलेली पूर्वज? तिचा बाप्तिस्मा १८६६ चा. बापाचं नाव: कॉर्पोरल.

तसं त्यात त्या बाईचं चुकलं असंही नाही. पलटणीतल्या विधवेचं अन्न आणि बराकीतली जागा काही महिन्यांपुरतीच असायची. पुढे एक तर जहाज किंवा दुसरा नवरा. कित्येकींनी तेच केलं. पण मला सांगा, थडग्याचा दगड घडवून, कोरून उभा करायला काही महिने लागतातच. म्हणजे ‘शोकाकुल विधवा’ हे कोरून होईपर्यंत ती नवी नवरी झालेली! पैसे कुणी दिले त्या दगडाचे? माझं मत, कॉर्पोरलने. ताईचं मत, तसं असेल तर माणूस सोन्यासारखा होता. यावर आमचं दोन दिवस वाजलं.

आणि आमचा जावई नरकचतुर्दशीच्या दिवशी, उटण्याच्या अंगाने, उन्हात तीन तास परक्याच्या थडग्यावरचं शेवाळ खरवडत बसला होता. कॉर्पोरल पेन्शन घेऊन मायदेशी गेला, त्याचा दगड अजून कुठे सापडलेला नाही.

“मग तो सार्जंट आपला कोण?” ताईने विचारलं.

“कुणीच नाही,” भाची म्हणाली.

“कुणी नाही कसा? आपल्या दारात त्याच्या नावाने आंघोळ झाली की.”

पितृपक्षात आमच्या दादाने रत्नागिरीला अविधवा नवमीला एक सवाष्ण जास्त जेवायला घातली, घंगाळावरच्या नावाने. आत्याने साडी दिली, स्वतःची, न नेसलेली. आणि सर्वपित्रीला ताईकडे भावोजी महालयाला बसले. सासरे, मेहुणे, मित्र, गुरू, सगळ्यांची नावं घेऊन झाल्यावर ताईने गुरुजींना थांबवलं. अजून एक आहेत. गुरुजींनी नाव विचारलं. ताईने अमुक सार्जंट म्हणून सांगितलं, तिच्या उच्चारात. गुरुजींनी नातं विचारलं. ताई अडखळली, मग म्हणाली, “व्याह्यांकडचे.” गोत्र?

गुरुजींनीच तोड काढली. ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप.

ताईने पानाचा फोटो काढून लीड्सला पाठवला: खीर, वडे, घारगे आणि कडेला, का कोण जाणे, पावाचे दोन तुकडे. जावयाचं उत्तर पाच मिनिटांत आलं. फार आभार मानले होते, आणि खाली एक ओळ होती, घंगाळाच्या बुडाखाली बघितलंत का?

ताई पालथं घालून बघतेय. आरसा घेऊन ये म्हणून मला हाका मारतेय.